अर्दिताच्या आड दडलेला व्याधी : सार्कॉइडोसिसचे नाडीसंस्थानगत उपद्रव

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात चिकित्सा करणाऱ्या आपणा सर्वांकडे दरवर्षी अर्दिताचे काही रुग्ण येतातच. त्यांपैकी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. आधुनिक वैद्यक ज्यास ‘बेल्स पाल्सी’ म्हणते, त्या प्रकारात सुमारे सत्तर टक्के रुग्ण कोणतेही औषध न घेताही पूर्ववत होतात, हे आपण विसरता कामा नये. या सहज मिळणाऱ्या यशामुळे अर्दिताच्या मुळाशी दुसरा एखादा सार्वदेहिक व्याधी असू शकेल, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. सार्कॉइडोसिस हा असाच एक व्याधी होय. त्याच्या नाडीसंस्थानगत उपद्रवांची ओळख करून देणे, आणि आपल्या नित्याच्या वापरातील काही कल्प या रुग्णांत कसे अहितकर ठरतात हे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक रुग्णवृत्त

डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईस नोकरीसाठी जाणारी, पस्तिशी ओलांडलेली एक स्त्री ऐन थंडीत आमच्याकडे आली. उजवी बाजू वाकडी झालेली, डोळा पूर्ण मिटत नाही, पाणी पिताना ओघळते, अशी लक्षणे. ‘खिडकीजवळ बसले होते, वारा लागला’ हे कारण तिने स्वतःच सांगितले आणि आम्हीही ते मान्य केले. स्नेहन, स्वेदन व नस्य योजले. अम्लपित्ताची जुनी तक्रार असल्याने कामदुधा व प्रवाळपंचामृत दिले. पाच आठवड्यांत चेहरा सरळ झाला. रुग्णेस आनंद झाला, आम्हांसही समाधान वाटले.

अडीच महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा डावी बाजू वाकडी होती. कानापुढे दोन्हीकडे किंचित सूज होती, डोळा लाल होता. तहान फार लागते, रात्री तीन-चार वेळा लघवीस उठावे लागते, असेही तिने सांगितले. आम्ही रक्तशर्करा तपासली. ती प्राकृत आल्यावर तृष्णा पित्तजन्य समजून आम्ही तोच अम्लपित्तहर योग चालू ठेवला. दरम्यान एका आरोग्य-तपासणीत तिचे ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळले होते व आठवड्यास साठ हजार एककांची मात्रा ती घेत होती. आमच्या चिठ्ठीवरील कल्प तर ती औषधाच्या दुकानातून मधल्या काळातही नेतच होती. यांपैकी कोणतीही गोष्ट आम्ही पहिल्या भेटीनंतर विचारली नव्हती.

डोळ्याची लाली वाढली म्हणून तिला नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले. त्यांनी स्लिट लॅम्पखाली डोळ्याच्या आतील शोथ पाहिला आणि छातीचे क्ष-किरण चित्र काढण्यास सांगितले. दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी लसीकाग्रंथी सारख्याच वाढलेल्या होत्या. रक्तातील कॅल्शियम १०० मिलिलिटरमागे ११.८ मिलिग्रॅम होते. एम.आर.आय. मध्ये मेंदूच्या तळाकडील आवरणांत शोथ दिसला. दुर्बिणीतून घेतलेल्या ग्रंथीच्या तुकड्यात कोथरहित कणार्बुदे आढळली व क्षयाच्या तपासण्या नकारात्मक आल्या. निदान झाले : नाडीसंस्थानगत सार्कॉइडोसिस.

भस्मे व ‘ड’ जीवनसत्त्व बंद करून स्टिरॉइड सुरू केल्यानंतर कॅल्शियम उतरले आणि तृष्णाही शमली. चेहरा सुधारला. एका डोळ्याची दृष्टी मात्र थोडी अंधुक राहिली ती राहिलीच. ही रुग्णा दोन महिने आधी नेत्रतज्ज्ञांकडे गेली असती तर, हा प्रश्न आम्हांस आजही स्वस्थ बसू देत नाही.

व्याधीची ओळख

लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये या व्याधीच्या त्वचागत स्वरूपाचे वर्णन केले. नॉर्वेच्या सीझर बक यांनी १८९९ मध्ये त्वचेच्या तुकड्यात मांसार्बुदाशी साम्य असलेली पेशीरचना पाहून त्यास ‘सार्कॉइड’ म्हटले. १९०९ मध्ये डेन्मार्कचे नेत्रवैद्य हीरफोर्ट यांनी ज्वर, कर्णमूलग्रंथींची सूज व डोळ्यातील शोथ असा लक्षणसमुच्चय नोंदविला. त्यासोबत अर्दितही आढळते. प्रारंभी हा गालगुंडाचाच प्रकार मानला गेला होता. तो सार्कॉइडोसिसचा आविष्कार आहे, हे स्वीडनचे वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ मध्ये दाखविले. आमच्या रुग्णेत दुसऱ्या भेटीच्या वेळी ज्वर वगळता हाच समुच्चय आमच्या डोळ्यांसमोर होता.

या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा कोणत्या तरी उत्तेजक कारणाने अकारण चेतविली जाते. टी-लसीकापेशी व भक्षकपेशी एकत्र येऊन सूक्ष्म गाठी बांधतात. त्यांस ग्रॅन्युलोमा किंवा कणार्बुद म्हणतात. क्षयाच्या गाठींत मध्यभागी पनीरासारखा कोथ होतो, तो येथे नसतो. मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत फुप्फुसे किंवा उरोगुहेतील लसीकाग्रंथी बाधित असतात. त्याखालोखाल त्वचा, डोळे, यकृत, हृदय व नाडीसंस्थान यांचा क्रम लागतो.

भारतात हा व्याधी दीर्घकाळ दुर्मिळ मानला गेला. त्याचे एक कारण म्हणजे क्षयाचे प्राबल्य. उरोगुहेत ग्रंथी दिसल्या की क्षय, हे समीकरण इतके दृढ होते की दुसरा विचारच होत नसे. कोलकात्याचे डॉ. एस. के. गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये भारतीय रुग्णांची मोठी मालिका प्रसिद्ध केली. हा व्याधी आपल्याकडेही आहे, शोधणाऱ्यास तो सापडतो, हे त्यातून दिसले.

नाडीसंस्थानात काय घडते?

सार्कॉइडोसिसच्या सुमारे पाच ते दहा टक्के रुग्णांत नाडीसंस्थानाची लक्षणे प्रकट होतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत नाडीसंस्थानाचे लक्षण हेच व्याधीचे प्रथम दर्शन असते. म्हणजे ‘मला सार्कॉइडोसिस आहे’ असे सांगत रुग्ण आपल्याकडे येत नाही. तो तोंड वाकडे झाले म्हणून येतो.

कणार्बुदांना मेंदूच्या तळाकडील आवरणे विशेष प्रिय असतात. तेथूनच शीर्षण्य नाड्या बाहेर पडतात, तेथेच पीयूषिका ग्रंथी आहे आणि तेथूनच मस्तिष्कद्रवाचे मार्ग जातात. ही रचना लक्षात घेतली असता पुढील लक्षणांची संगती लागते.

शीर्षण्य नाड्यांची विकृती ही सर्वाधिक आढळते. त्यातही सातवी नाडी व दृष्टिनाडी अग्रेसर. सातव्या नाडीचा घात एकीकडे, दोन्हीकडे एकाच वेळी किंवा आलटून पालटून होतो. दृष्टिनाडी बाधित झाल्यास दृष्टी वेगाने मंदावते. आठवी नाडी बाधित झाल्यास बाधिर्य व भ्रम उत्पन्न होतो.

आवरणांच्या शोथामुळे दीर्घकालीन शिरःशूल, मन्यास्तंभ व छर्दी होते. द्रवाचा मार्ग अवरुद्ध झाल्यास मेंदूत पाणी साचते. ही आत्ययिक अवस्था आहे.

पीयूषिका व हायपोथॅलॅमस बाधित झाल्यास रुग्ण अतिमूत्रता, अतितृष्णा, आर्तवनाश, क्लैब्य किंवा अकारण थकवा घेऊन येतो. मूत्र स्वच्छ, शीत व निर्गंध, रक्तशर्करा प्राकृत, असे चित्र आपणांस उदकमेहाची आठवण करून देते. अशा वेळी ‘साखर नाही, म्हणजे काही नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

मेंदूच्या अंतर्भागातील गाठींमुळे अपस्मारसदृश आक्षेप, स्मृतिभ्रंश किंवा वर्तनबदल होतात. सुषुम्ना बाधित झाल्यास दोन्ही पायांत जडत्व, बधिरता व मलमूत्राचा अवरोध होतो. परिसरीय नाड्यांच्या सूक्ष्म तंतूंची विकृती पाददाह व चिमचिमायन या रूपाने दिसते. पाददाहाच्या अनेक रुग्णांत हा व्याधी नसतो, हे खरे. परंतु शर्करा, बी-१२ व मद्य ही तीन कारणे वगळल्यानंतरही दाह शमत नसेल, तर पुढे शोध घ्यावा.

क्षय की सार्कॉइडोसिस?

आपल्या भागात हा प्रश्न सर्वांत बिकट आहे. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथही मेंदूच्या तळाशीच होतो. दोहोंत मस्तिष्कद्रवातील लसीकापेशी व प्रथिने वाढतात आणि शर्करा कमी होऊ शकते. मात्र चिकित्सेची दिशा परस्परविरुद्ध आहे. क्षय समजून सार्कॉइडोसिसच्या रुग्णास सहा-नऊ महिने क्षयौषधे दिली जातात व तोवर दृष्टी जाते. उलट सार्कॉइडोसिस समजून क्षयाच्या रुग्णास नुसते स्टिरॉइड दिल्यास प्राणावर बेतते.

काही खुणा उपयोगी पडतात. सार्कॉइडोसिसमध्ये उरोगुहेतील ग्रंथी बहुधा दोन्हीकडे सममित वाढतात. क्षयात त्या अनेकदा एका बाजूस व कोथयुक्त असतात. आपल्याकडे प्रौढांत माँटू चाचणी पुष्कळदा सकारात्मक येते. सार्कॉइडोसिसमध्ये मात्र ती बहुधा नकारात्मक असते, म्हणून नकारात्मक माँटूस येथे अर्थ आहे. रात्रीचा ज्वर व वेगाने होणारा क्षीणभाव क्षयाकडे निर्देश करतो. तथापि अंतिम निर्णय ऊतींच्या तुकड्याच्या परीक्षणावर व क्षयजंतूंच्या जनुकीय चाचणीवरच सोपवावा. रक्तातील ‘एस’ या विकराची पातळी पुष्कळ ठिकाणी तपासली जाते. ती वाढलेली असल्यास संशय बळावतो, परंतु प्राकृत असल्याने व्याधी नाही असे ठरत नाही.

नाडीसंस्थानासाठी गॅडोलिनियमयुक्त एम.आर.आय. ही सर्वांत उपयुक्त तपासणी होय. ती शक्यतो स्टिरॉइड सुरू होण्यापूर्वी व्हावी, कारण स्टिरॉइडने शोथ लपतो. २०१८ मध्ये तज्ज्ञगटाने निदानाच्या तीन श्रेणी ठरविल्या. केवळ लक्षणे व तपासण्या जुळल्यास ‘शक्य’, शरीरातील अन्य अवयवाच्या तुकड्यात पुरावा मिळाल्यास ‘संभाव्य’ आणि नाडीऊतींतच पुरावा मिळाल्यास ‘निश्चित’. मेंदूचा तुकडा काढण्याची वेळ क्वचितच येते. त्वचेवरील एखादी गाठ किंवा उरोगुहेतील ग्रंथी हेच काम करते. म्हणूनच रुग्णाची त्वचा, जुने व्रणकिण व ग्रंथी पाहण्याचे आपले दर्शन-स्पर्शन येथे मोलाचे ठरते. जुन्या व्रणकिणाचे लाल व उंच होणे ही या व्याधीची एक खूण आहे.

आयुर्वेदीय विचार

या व्याधीचे नाव संहितांत शोधण्याचा अट्टाहास आम्ही करणार नाही. प्रत्येक विकारास नाव असतेच असे नाही, म्हणून नाव सांगता न आल्यास वैद्याने संकोचू नये, तर प्रकृती, अधिष्ठान व हेतू जाणून कर्म आरंभावे, असे चरकाचार्यांनीच सूत्रस्थानात सांगितले आहे.

वातप्रकोपाचे दोन मार्ग आपणांस ज्ञात आहेत : धातुक्षय आणि मार्गावरण. कणार्बुदांनी नाडीस वेढणे हे दुसऱ्या प्रकाराचे चित्र आहे, असे आम्हांस वाटते. अर्दित दिसताच केवळ वातव्याधी मानून बृंहण व स्निग्ध उपचारांचा मारा करणे आवरणाच्या अवस्थेत युक्त नव्हे. वाग्भटाचार्यांनी अर्दिताच्या चिकित्सेत शोफयुक्त अवस्थेस वमन व दाह-रागयुक्त अवस्थेस सिराव्यध असा भेद केला आहे. आज आपण ते कर्म तसेच करावे असा याचा अर्थ नाही. बोध इतकाच की, शोफ आहे काय, राग आहे काय, हे पाहिल्याखेरीज अर्दिताची चिकित्सा ठरवू नये, ही दृष्टी आपल्या शास्त्रातच आहे. आम्ही तीच विसरलो. कर्णमूलाची सूज व डोळ्याचा राग पाहूनही आम्ही नस्यच चालू ठेवले.

स्टिरॉइड व आवश्यकतेनुसार मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही या व्याधीची प्रचलित चिकित्सा होय. इन्फ्लिक्सिमॅबपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी अपरिहार्य आहे. नाडीसंस्थान बाधित असताना या चिकित्सेस आयुर्वेदीय पर्याय आहे, असा दावा आपण करू नये. आपले कार्य सहायकाचे आहे : न मिटणाऱ्या डोळ्याचे रक्षण, मृदु अनुलोमन, निद्रा, स्टिरॉइडने वाढणाऱ्या क्षुधेस व शर्करेस आवरणारा आहार, मुखाचे व्यायाम आणि रुग्णाचे मनोबल. हे कार्य कमी प्रतीचे नाही.

भस्मकल्पांविषयी विशेष सावधता

लेखातील सर्वांत व्यवहार्य भाग हा आहे. निरोगी शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व सक्रिय करण्याचे कार्य मुख्यतः वृक्क करतात व त्यावर शरीराचे नियंत्रण असते. सार्कॉइडोसिसमध्ये कणार्बुदांतील भक्षकपेशी हेच कार्य अनिर्बंध करतात. परिणामी आतड्यांतून कॅल्शियम अधिक शोषले जाते. मूत्रातील कॅल्शियम पुष्कळ रुग्णांत व रक्तातील कॅल्शियम काही रुग्णांत वाढते. तृष्णा, अतिमूत्रता, मलावष्टंभ, उत्क्लेश, सुस्ती, वृक्काश्मरी व शेवटी वृक्कदौर्बल्य ही त्याची फळे होत.

येथे एक फसवी गोष्ट घडते. नेहमीच्या तपासणीत मोजले जाणारे ‘ड’ जीवनसत्त्व हे त्याचे असक्रिय रूप असते. ते वेगाने सक्रिय रूपात बदलत असल्याने अहवालात कमी दिसते. अहवाल पाहून साठ हजार एककांची मात्रा सुरू केली की आगीत तेल ओतल्यासारखे होते.

शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ताशुक्ती व कुक्कुटाण्डत्वक् ही द्रव्ये मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट होत. गोदंती म्हणजे कॅल्शियम सल्फेट. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या एका ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. यावरून प्रवाळपंचामृत, कामदुधा व सूतशेखर यांसारख्या कल्पांतून दीर्घकाळ किती कॅल्शियम पोटात जाते, याचा अंदाज वाचकांनी करावा. स्टिरॉइडने अम्लपित्त वाढते व अस्थिसौषिर्य येते, म्हणून नेमके हेच कल्प देण्याचा मोह होतो. सार्कॉइडोसिसच्या रुग्णांत रक्त व मूत्रातील कॅल्शियम तपासल्याखेरीज ते देऊ नयेत. दीर्घकाळ आतपसेवनाचा सल्लाही देऊ नये.

ज्येष्ठमधाविषयीही दोन शब्द. ते शरीरातील व औषधरूप स्टिरॉइडचे विघटन मंदावते. पोटॅशियम घटते, रक्तदाब व शोथ वाढतो. अम्लपित्तासाठी यष्टिचूर्ण देण्यापूर्वी रुग्ण प्रेडनिसोलोन घेत आहे काय, हे विचारावे.

मेथोट्रेक्सेट यकृतास बाधक ठरू शकते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी व निष्कर्षांविषयी आक्षेप नोंदविले. वादाचा निर्णय काहीही असो, प्रतिकारशक्ती आधीच चेतलेल्या व यकृतबाधक औषध घेणाऱ्या रुग्णास ‘प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी’ म्हणून काही देणे हे संप्राप्तीच्याच विरुद्ध आहे.

औषधविक्रेत्यांस विनंती

आपल्या संस्थेच्या वाचकांत औषधालयांचे चालक मोठ्या संख्येने आहेत. त्यांस तीन विनंत्या. एक, भस्मकल्पांची जुनी चिठ्ठी घेऊन कोणी तिसऱ्यांदा आला तर वैद्यास भेटून येण्यास सांगावे. दोन, प्रेडनिसोलोन चिठ्ठीविना देऊ नये, आणि नियमित घेणाऱ्या रुग्णाने ते अचानक बंद केल्याचे कळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडावे. अधिवृक्क ग्रंथींच्या दौर्बल्याने असा रुग्ण कोसळू शकतो. तीन, अज्ञात बनावटीच्या, ‘एका आठवड्यात गुण’ देणाऱ्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळलेली आहे, आणि तिने खरे निदान झाकले जाते.

रुग्ण केव्हा पाठवावा?

अर्दित दोन्हीकडे झाले, बाजू बदलून पुन्हा झाले किंवा आठ-दहा आठवड्यांत सुधारणेचे चिन्ह दिसले नाही, अर्दितासोबत डोळा लाल, कर्णमूल सुजलेले, दृष्टी मंद, अन्य शीर्षण्य नाडी बाधित, दीर्घ शिरःशूल, कोरडा कास किंवा त्वचेवर गाठी आढळल्या, अथवा शर्करा प्राकृत असता अतिमूत्रता असली, तर विलंब करू नये. छातीचे क्ष-किरण चित्र, रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन व नेत्रपरीक्षा या चार गोष्टी कल्याण-डोंबिवलीत कोठेही एका दिवसात होतात. पुढील तपासणीसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय व परळचे के.ई.एम. ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न सार्वजनिक रुग्णालये आपल्याच लोहमार्गावर आहेत. रुग्णासोबत आपण दिलेल्या सर्व कल्पांची नावे व मात्रा लिहिलेली चिठ्ठी अवश्य द्यावी. आमच्या रुग्णेच्या बाबतीत कॅल्शियम का वाढले हे तेथील डॉक्टरांना कळले, ते आम्ही उशिरा का होईना धाडलेल्या अशाच चिठ्ठीमुळे.

ती रुग्णा आजही आमच्याकडे येते. आता आम्ही प्रथम तिचे डोळे पाहतो, कर्णमूल चाचपतो, इतर कोणती औषधे चालू आहेत ते विचारतो आणि मग चेहऱ्याकडे वळतो. हाच क्रम अर्दिताच्या प्रत्येक रुग्णात ठेवावा, इतकेच आमचे वैद्यबंधु-भगिनींस सांगणे आहे. इत्यलम्.